उताऱ्यात लिहिलेलं नाही, तरी उताऱ्यातलंच

पत्र:

प्रिय ताई,
मी कृषी पदवीधर आहे. पुण्यात अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करते, यूपीएससीही देते. पेपर एक बरा जातो. अडकते ती सी-सॅटमध्ये, म्हणजे आकलन आणि तर्काच्या दुसऱ्या पेपरात. गणित जमतं, उतारेही समजतात, पण 'उताऱ्यावरून कोणतं अनुमान काढता येईल' असा प्रश्न आला की शेवटी दोन पर्याय उरतात आणि मी नेमका चुकीचा निवडते. क्लासमधले एक सर सांगतात, उताऱ्याबाहेरचं काही निवडायचं नाही. दुसरे सांगतात, उताऱ्यात जसंच्या तसं लिहिलंय ते अनुमान नसतंच. मग उरतं काय? शेतीवरचा उतारा आला की माझ्या चुका आणखी वाढतात, आणि तो तर माझा विषय. दोनच पर्याय उरले तर प्रश्न सोडून द्यावा का? की माझ्या विचार करण्यातच खोट आहे?
— एक परीक्षार्थी, मूळ गाव बार्शी तालुक्यात

उत्तर:

प्रिय परीक्षार्थी,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मनात घेऊन पुढचं काही नीट वाचता येणार नाही. तुझ्या विचार करण्यात खोट नाही. शेतीच्या उताऱ्यात जास्त चुका होतात, हे तू जाता जाता लिहिलंस, पण तुझ्या पत्रातली सगळ्यात उपयोगाची ओळ तीच आहे. जिथे तुला कमी माहिती आहे तिथे तू उतारा वाचतेस. जिथे भरपूर माहिती आहे तिथे उतारा तुला फक्त आठवण करून देतो आणि उत्तर तू आठवणीतून देतेस.

हे फक्त तुझंच होतं असं नाही. 1983 साली जोनाथन एव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना काही विधानं दिली आणि त्यांवरून निष्कर्ष तर्काने निघतो का, एवढंच विचारलं. निष्कर्ष निघत नव्हता पण ऐकायला पटणारा होता, तेव्हा 71 टक्के वेळा लोकांनी 'निघतो' म्हटलं. निष्कर्ष अगदी बरोबर निघत होता पण पटणारा नव्हता, तेव्हा ते प्रमाण 56 टक्के होतं. म्हणजे पटणारी चूक न पटणाऱ्या बरोबर उत्तराला मागे टाकून गेली. पेपर काढणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. चार पर्यायांतला एक तरी ते खास तुझ्यासारख्या जाणकारासाठी ठेवतात: जगात खरा, उताऱ्यात निराधार.

त्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. 1931-32 मध्ये अलेक्झांडर लुरिया हा रशियन संशोधक उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेला आणि शाळा न शिकलेल्या शेतकऱ्यांना त्याने विचारलं: अतिउत्तरेला, जिथे बर्फ असतं, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोव्हाया झेमल्या अतिउत्तरेला आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर आलं ते असं: मला ठाऊक नाही, मी काळं अस्वल पाहिलंय, बाकीची पाहिली नाहीत. या माणसांना बुद्धी कमी होती असं मला अजिबात वाटत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्याविषयी बोलायचं नाही, हा प्रामाणिकपणा आहे, आणि शेतात तोच कामाला येतो. पण परीक्षेत करार वेगळा असतो. तिथे परीक्षक म्हणतो, 'मी दिलेली वाक्यं खरी धर, ती तुला पटोत वा न पटोत, आणि त्यांच्या जोरावर काय म्हणता येतं तेवढंच सांग.' तू कृषी पदवीधर म्हणून उताऱ्याशी वाद घालतेस किंवा त्याला मदत करतेस. करारात या दोन्हींना जागा नाही.

आता एक उतारा घेऊ. हा मीच रचलाय, मुद्दाम तुझ्या विषयातला.

'ठिबक सिंचनामुळे एकरी पाणी कमी लागते. मात्र ठिबक मोठ्या प्रमाणावर आलेल्या काही गावांत शेतकऱ्यांनी वाचलेल्या पाण्यावर बागायती क्षेत्र वाढवले. अशा गावांत भूजलाचा एकूण उपसा कमी झाला नाही. त्यामुळे ठिबकसाठी अनुदान देताना पाण्याच्या एकूण वापराचीही नोंद ठेवावी, असे काही अभ्यासक सुचवतात.'

या उताऱ्यावरून कोणतं अनुमान काढता येईल?
(अ) ठिबक सिंचनामुळे काही गावांत भूजलाचा उपसा वाढला.
(ब) उसासारख्या जास्त पाणी लागणाऱ्या पिकांमुळे भूजलावर ताण येतो.
(क) एकरी पाण्याची बचत झाली म्हणजे पाण्याचा एकूण वापर कमी होईलच असे नाही.
(ड) एकूण उपसा कमी करायचा असेल तर बागायती क्षेत्रावर मर्यादा घालणे हाच मार्ग आहे.

पुढे वाचण्याआधी मनात एक उत्तर ठरव.

(ब) वाचताना तुझं मन 'हो' म्हणालं असणार. सोलापूर जिल्ह्यातल्या मुलीला उसाचं आणि पाण्याचं नातं कुणी शिकवायला नको. पण उतारा पुन्हा वाच. ऊस कुठे आहे? वाढलेल्या बागायती क्षेत्रात काय लावलं, डाळिंब की द्राक्ष की ऊस, याविषयी एक अक्षर नाही. तो ऊस तू घरून आणलास. हा पर्याय असत्य नाही, पण या उताऱ्याने त्याला कसलाही आधार दिलेला नाही, आणि प्रश्न आधाराचा आहे.

(अ) जास्त फसवा आहे, कारण त्यातले सगळे शब्द उताऱ्यातलेच आहेत. उतारा म्हणतो 'कमी झाला नाही'. पर्याय म्हणतो 'वाढला'. या दोहोंच्या मध्ये 'तेवढाच राहिला' ही तिसरी शक्यता आहे, आणि घाईत वाचताना ती कुणालाच दिसत नाही. त्यात भर म्हणजे 'ठिबकमुळे' हा शब्द. उताऱ्यात क्षेत्र वाढवलं ते शेतकऱ्यांनी, असा त्यांचा निर्णय स्पष्ट आहे. पर्यायाने तो गाळून सगळा ठपका नळ्यांवर ठेवला.

(ड) मधला 'हाच' बघ. क्षेत्रावर मर्यादा हा एक मार्ग असू शकेल, पण उतारा उपायांची यादी देतच नाही. तो फक्त नोंद ठेवावी असं म्हणतो, आणि तेही 'काही अभ्यासक' म्हणतात असं सांगून.

राहिला (क). पहिल्यांदा वाचताना तो मिळमिळीत वाटतो. 'होईलच असे नाही' यात काय मोठं सांगितलं, असं वाटून मुलं तो सोडून देतात आणि ठसठशीत बोलणारा पर्याय उचलतात. पण त्याला उलटं करून बघ. समजा (क) खोटा आहे. म्हणजे एकरी बचत झाली की एकूण वापर हमखास कमी होतो. आता उतारा टिकतो का? नाही, कारण उताऱ्यातल्या गावांत बचत झाली आणि उपसा तरीही कमी झाला नाही. उतारा ओरडून उठतो. हीच चाचणी (ब) ला लाव. समजा उसामुळे भूजलावर ताण येत नाही. जग हरकत घेईल, तूही घेशील, पण उतारा गप्प बसेल. पर्याय खोटा धरल्यावर उतारा हरकत घेतो की गप्प राहतो, हे विचारायची सवय लाव. दोन पर्याय उरल्यावर माझ्या माहितीत याहून भरवशाची चाचणी नाही.

मिळमिळीत पर्यायाबद्दल आणखी थोडं. जितकं मोठं विधान तितका मोठा आधार लागतो, आणि उतारा जेमतेम सात-आठ वाक्यांचा. त्यात जग उलथवणाऱ्या विधानाला पुरेल एवढा आधार क्वचितच असतो. म्हणून बरोबर उत्तर बहुतेक वेळा बेताचं असतं. यावरून काही जण एक नियम शिकवतात: 'सर्व', 'कोणताही', 'कधीच', 'फक्त' असे शब्द दिसले की पर्याय खोडा. हा नियम मला मान्य नाही. उतारा स्वतःच जोरात बोलत असेल तर पर्यायही जोरात बोलू शकतो. उताऱ्यात असं असेल की 'परवाना नसलेले बियाणे विकणे बेकायदा आहे, आणि या वाणाला परवाना मिळालेला नाही', तर 'या वाणाचे बियाणे विकणारा कोणताही दुकानदार कायदा मोडतो' हे अनुमान शंभर टक्के बरोबर आहे, 'कोणताही' सकट. शब्द किती कडक आहे हे एकट्याने बघून भागत नाही, उताऱ्याशेजारी ठेवूनच बघावं लागतं.

आता तुझ्या दोन सरांकडे वळू. दोघंही बरोबर सांगतायत, आणि त्यांची वाक्यं एकमेकांना छेद देत नाहीत. अनुमान उताऱ्यातल्या कोणत्याही एका वाक्यात लिहिलेलं नसतं. ते दोन वाक्यं एकत्र आली की जन्मतं. कच्चा माल सगळा उताऱ्यातला, जोडणी तुझी.

हे बघ: 'गेल्या तीन वर्षांत वाचनालयाच्या सभासदांची संख्या घटली. याच काळात सभासदांनी घरी नेलेल्या पुस्तकांची एकूण संख्या मात्र दरवर्षी वाढली.'

दोनच वाक्यं. पहिल्यात पुस्तकं नाहीत, दुसऱ्यात सभासदसंख्या नाही. पण दोन्ही एकत्र धरली की एक गोष्ट टाळताच येत नाही: दर सभासदामागे नेलेल्या पुस्तकांची सरासरी वाढली. हे कुठेच लिहिलेलं नाही, तरी पूर्णपणे उताऱ्यातलं आहे. दोन्ही सर खूश.

आता याच दोन वाक्यांतून काय निघत नाही तेही बघ, कारण चुकीचे पर्याय तिथूनच तयार होतात. 'प्रत्येक सभासद आता जास्त पुस्तकं नेतो' हे निघत नाही, कारण चार जणांनी पोत्याने पुस्तकं नेली तरी सरासरी वाढते. 'सभासद जास्त वाचू लागले' हेही नाही, कारण नेणं म्हणजे वाचणं नव्हे. 'गावात वाचनाची आवड वाढली' हे तर फारच दूर गेलं. 'वर्गणी वाढल्यामुळे सभासद घटले असावेत' ही गोष्ट आहे, चांगली गोष्ट आहे, पण तुझी आहे. सरासरीवरून प्रत्येकावर उडी, कृतीवरून मनावर उडी, थोड्यांवरून सगळ्या गावावर उडी, परिणामावरून कारणावर उडी: चुकीच्या पर्यायांत मला या चार उड्या पुन्हा पुन्हा भेटतात. संख्या आणि प्रमाण यांची सरमिसळ हा याच कुळातला पाचवा भाऊ. रुग्णांची संख्या वाढली म्हणजे रुग्णांचं प्रमाण वाढलं असं नसतं, कारण तपासण्याही वाढल्या असू शकतात.

जोडणी करताना 'काही' आणि 'बहुतेक' या दोन शब्दांकडे लक्ष दे. वसतिगृहातले काही विद्यार्थी मराठी माध्यमातले आहेत आणि काही विद्यार्थी विज्ञान शाखेचे आहेत, यावरून मराठी माध्यमातला एक तरी विद्यार्थी विज्ञान शाखेचा आहे असं म्हणता येत नाही. दोन 'काही' एकमेकांना शिवतीलच असं नसतं. पण दोन्ही ठिकाणी 'बहुतेक' असतं तर? समजा वसतिगृहात 60 जण आहेत. बहुतेक म्हणजे निम्म्याहून जास्त, निदान 31. एकतीस अधिक एकतीस बासष्ट, आणि माणसं साठच. म्हणजे निदान दोघं दोन्हीकडे मोजले गेलेत. अनुमान पक्कं. आणखी एक, रोजच्या बोलण्यात 'काही आंबे गोड निघाले' म्हटलं की बाकीचे आंबट होते असं आपण समजून घेतो. पेपरात 'काही'चा अर्थ फक्त 'निदान एक' इतकाच असतो, बाकीच्यांबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही.

मराठीत पेपर देणाऱ्यांनी सगळ्यात जास्त जपायचं ते 'च'ला. एका अक्षराचा हा प्रत्यय वाक्यात जिकडे सरकतो तिकडे अर्थ घेऊन जातो. ही दोन वाक्यं घे:

ठिबक केलेल्या शेतकऱ्यांनाच कर्ज मिळालं.
ठिबक केलेल्या शेतकऱ्यांना कर्ज मिळालंच.

रामभाऊंनी ठिबक केलंय. त्यांना कर्ज मिळालं का? पहिल्या वाक्यावरून सांगता येत नाही, दुसऱ्यावरून मिळालं. शांताबाईंना कर्ज मिळालंय. त्यांच्याकडे ठिबक आहे का? पहिल्यावरून आहे, दुसऱ्यावरून सांगता येत नाही. दोन्ही उत्तरं बरोब्बर उलटी झाली. 'तर' आणि 'तरच' यांचंही असंच: 'हप्ता भरला तर विमा मिळेल' आणि 'हप्ता भरला तरच विमा मिळेल' यांतून वेगवेगळ्या गोष्टी निघतात. पहिल्या वाक्यात हप्ता पुरेसा आहे, दुसऱ्यात तो आवश्यक आहे, पण पुरेल की नाही ते माहीत नाही. राज्यसेवेच्या पेपरात उतारा मराठी आणि इंग्रजी दोन्हींत छापलेला असेल आणि मराठी वाक्य ओढूनताणून केलेलं वाटलं, तर शेजारच्या इंग्रजी वाक्यात 'ओन्ली' कुठे आहे, 'सम' आहे की 'मोस्ट', 'मे' आहे की 'विल', एवढं पाहून घे. त्यात पाच सेकंद जातात.

ही दिशा उलटण्याची चूक आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली होती. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, अनुमानाचं ठरलेलं उदाहरण आहे: पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. कशाच्या जोरावर? जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे स्वयंपाकघरात पाहिलेलं आहे. या हमखास सोबतीला नैयायिक व्याप्ती म्हणतात. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. त्यांचा पुढचा प्रश्न जास्त मोलाचा आहे: अग्नी दिसला तर धूर आहे असं म्हणता येईल का? ते म्हणतात, नाही, आणि पुरावा देतात तो तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचा. तिथे अग्नी आहे, धूर नाही. धूर व्हायला ओलं सरपण लागतं. अशी जी लपलेली अट असते तिला त्यांनी उपाधी असं नाव दिलं. उताऱ्यात 'शिक्षण वाढलेल्या जिल्ह्यांत बालमृत्यू घटले' असं असेल आणि पर्याय म्हणत असेल 'बालमृत्यू घटले तिथे शिक्षण वाढले असणार', तर मनात तो लोखंडाचा गोळा आण. शिक्षण न वाढताही दवाखाना जवळ आल्याने बालमृत्यू घटले असतील, उतारा ती शक्यता बंद करत नाही.

आता थोडं अवघड बोलायला हवं, कारण ते लपवलं तर तू पुढच्या पेपरात मला दोष देशील. सगळे प्रश्न 'उताऱ्यावरून नक्की निघतं' अशा जातीचे नसतात. अमेरिकेत कायद्याच्या प्रवेशासाठी एलसॅट नावाची परीक्षा असते. तिथे 'उतारा खरा असेल तर काय खरं असलंच पाहिजे' आणि 'उताऱ्याने कशाला सर्वाधिक आधार मिळतो' असे दोन वेगळे प्रश्न विचारले जातात आणि फरक प्रश्नाच्या शब्दांतच दिसतो. यूपीएससीत 'सर्वांत तर्कसंगत अनुमान' असा एकच शब्दप्रयोग अनेकदा दोन्हींसाठी येतो. त्यामुळे कधीकधी बरोबर पर्यायही उलटा केल्यावर उतारा ओरडत नाही, फक्त अस्वस्थ होतो.

आपल्या ठिबकच्या उताऱ्यात (क) ऐवजी हा पर्याय असता तर? 'अनुदान योजनेचे यश केवळ एकरी बचतीवरून मोजले, तर ते प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटण्याची शक्यता आहे.' तर्काच्या काट्यावर हे उताऱ्यातून सक्तीने निघत नाही, कारण योजनेचं यश म्हणजे काय हे उताऱ्याने ठरवलेलं नाही. पण चारही वाक्यांचा कल तिकडेच आहे, आणि विधानही 'शक्यता आहे' म्हणून बेताने बोलतंय. बाकीचे तीन तसेच असतील तर हाच निवडायचा. म्हणजे आधी बघ, एखादा पर्याय नक्की निघतो का. निघत असेल तर विचार थांबव. निघत नसेल तर सगळ्यात छोटी उडी कोणत्या पर्यायाला लागते ते बघ. आधारलेलं अनुमान म्हणजे छोट्यात छोट्या उडीचं अनुमान.

गृहीतकाचा प्रश्न यात मिसळू देऊ नकोस, एवढंच सांगून पुढे जाते. उतारा टिकायला आधी काय मानावं लागतं ते गृहीतक. उतारा मानल्यावर पुढे काय मानावं लागतं ते अनुमान. प्रश्न वाचताना यातला शब्द पेन्सिलीने अधोरेखित कर.

सराव कसा करायचा? अभ्यासिकेत मुलं रोज तीस-चाळीस प्रश्न सोडवून शेवटी गुण मोजतात, ते मला वेळ घालवणं वाटतं. तू दिवसाला तीन-चार उतारे घे, पण प्रत्येक पर्यायापुढे निकाल लिही. पूर्वी बँकांच्या परीक्षांत अनुमानाच्या प्रश्नांना पाच उत्तरं असायची: निश्चित सत्य, बहुधा सत्य, माहिती अपुरी, बहुधा असत्य, निश्चित असत्य. ती पाच लेबलं वापर. तुझ्यासाठी त्यातलं 'माहिती अपुरी' हे सगळ्यात गरजेचं, कारण उसाचा पर्याय त्या खान्यात जातो आणि तू आजवर त्याला 'निश्चित सत्य'मध्ये टाकत आलीस. लेबलाशेजारी कारणाचे दोन-तीन शब्द: 'ऊस उताऱ्यात नाही', 'कमी नाही म्हणजे वाढ नव्हे', 'हाच कुठून आला'. पंधरा दिवसांनी ही वही वाचलीस की तुझी आवडती उडी कोणती ते तुलाच दिसेल. शेतीचे, पाण्याचे, बाजारभावाचे उतारे मुद्दाम जास्त घे. तुझी कसोटी तिथेच आहे.

उतारे मात्र आयोगांच्या जुन्या पेपरांतले घे आणि उत्तरंही आयोगाच्या उत्तरतालिकेशी ताडून बघ. बाजारातल्या कितीतरी सरावसंचांत उत्तरं सैल असतात. 'गावात वाचनाची आवड वाढली' यालाच तिथे बरोबर म्हटलेलं असतं, आणि तसली पन्नास उत्तरं पचवली की चांगल्या मुलाचाही कान बिघडतो. एखादं अधिकृत उत्तर तुला पटलं नाही तर भांडत बसू नकोस, पण ते कोणत्या वाक्यांच्या जोरावर दिलं असेल हे शोधल्याशिवाय पानही उलटू नकोस.

आता दोन पर्याय उरल्यावर काय करायचं ते. यूपीएससीच्या सी-सॅटमध्ये 80 प्रश्न आणि 200 गुण, म्हणजे एका प्रश्नाला अडीच गुण. चूक झाली तर त्याचा एक तृतीयांश, साधारण 0.83 गुण जातात. पेपर पात्रतेपुरता आहे आणि 33 टक्के म्हणजे 66 गुण लागतात. एकही चूक न करता 27 प्रश्न बरोबर आले तर 67.5 होतात. चार पर्यायांतून डोळे झाकून एक निवडला तर सरासरीने मिळकत शून्य. पण दोन खोडले आणि उरलेल्या दोनांतून निम्म्या वेळा जरी बरोबर निवडलं तरी प्रत्येक प्रश्नामागे सरासरी 0.83 गुण पदरात पडतात. हे गणित तोट्यात जायला चारांतला एकही धड बरोबर येता कामा नये, इतकं चुकावं लागेल. एमपीएससीत, म्हणजे तुझ्या राज्यसेवेत, चुकीला एक चतुर्थांश गुण जातात, तिथे तर पाचांत एक बरोबर आला तरी नुकसान होत नाही. म्हणून दोनच उरले असतील तर सोडू नकोस.

'मी नेमका चुकीचा निवडते' असं तू लिहिलंस, ते मात्र मोजून बघ. मागच्या सराव पेपरांतले असे प्रश्न काढ जिथे दोन उरले होते, आणि किती बरोबर आले ते लिही. निम्म्याच्या आसपास असतील तर तू नेहमी चुकत नाहीस, तुला फक्त चुका लक्षात राहतात. निम्म्याहून बरेच कमी असतील, आणि विशेषतः शेतीच्या उताऱ्यांत, तर तुझ्या माहितीचा पर्याय तुला ओढून नेतोय हे नक्की. मग पेपरात अशा ठिकाणी उरलेल्या दोन्ही पर्यायांतलं प्रत्येक नाम उताऱ्यात बोट ठेवून दाखवता येतं का ते बघ. ज्याचं नाम सापडणार नाही तो खोड, दुसऱ्यावर गोल कर आणि पुढच्या प्रश्नाला लाग.

मोजून झालं की आकडे मला कळव. शेतीचे उतारे वेगळे आणि बाकीचे वेगळे मोज.

तुझी,
ताई